जेवण निम्मं केलं, तरी पोट जागच्या जागी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय २६, पुरुष, उंची १७२ सेंमी, दिवसभर खुर्चीत बसून काम. तीन महिन्यांपूर्वी वजन ७५ किलो होतं, आता ७१ आहे. दुपारचं जेवण निम्म्यावर आणलं, भात आणि ब्रेड जवळजवळ बंद केले, संध्याकाळी सातनंतर जेवायचं नाही असा नेम धरला, शिवाय रोज शंभर क्रंचेस. कंबर ९५ सेंमी होती ती ९४ झाली. तुम्ही लिहिता, 'हातपाय वाळले, गाल बसले, पोट मात्र तसंच. पोटासाठी वेगळा आहार असतो का?' सोबत सात दिवस काय काय खाल्लं-प्यायलं याची नोंद पाठवलीत, ते फार बरं केलंत. बरंचसं उत्तर तिच्यातच आहे.

आधी वेगळ्या आहाराचं बोलू. तसा आहार नसतो. अमुक पदार्थ खाल्ला की नेमकी पोटावरची चरबी उतरते, असं काही मला वीसेक वर्षांच्या कामात भेटलेलं नाही. पोट कमी करणारे चहा, चरबी जाळणाऱ्या गोळ्या, पोटाला घट्ट बांधायचे पट्टे यांच्यावर मी एका वाक्यापेक्षा जास्त लिहिणार नाही, पैसे वाचवा. क्रंचेसचंही तेच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात २४ जण होते. त्यांच्यातल्या एका गटानं सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पोटाचे सात प्रकारचे व्यायाम केले. शेवटी मोजलं तेव्हा त्यांच्या पोटावरची चरबी आणि कंबरेचा घेर व्यायाम न करणाऱ्या गटापेक्षा वेगळा निघाला नाही. क्रंचेस मात्र ते आधीपेक्षा जास्त मारू लागले होते. तुमचेही पोटाचे स्नायू आता बळकट झाले असणार, फक्त ते दिसत नाहीत.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट पोटाबद्दलची नाहीच. चार किलो वजन गेलं आणि कंबर एकच सेंमी उतरली, हे गणित बसत नाही. पोट सुटलेल्या माणसाची चरबी खरोखर उतरते तेव्हा ढोबळमानानं एका किलोमागे कंबर एक सेंमी तरी कमी होते, असा माझा अनुभव आहे. फीत थोडी इकडेतिकडे झाली असं धरलं तरी चार किलोंपैकी चरबी किती होती, ही शंका उरतेच. 'हातपाय वाळले' हे तुमचेच शब्द. काय गेलं ते तुम्ही स्वतःच लिहिलं आहे, थोडं पाणी आणि बराचसा स्नायू.

असं का झालं असावं, हे तुमच्या झोपेच्या वेळा पाहताना लक्षात आलं. रात्री दीडला झोपता, सातला उठता, म्हणजे साडेपाच तास. योगायोग असा की २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमका हाच आकडा घेतला होता. जास्त वजनाच्या दहा जणांना त्यांनी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं. १४ दिवस रोज साडेआठ तास अंथरुणात आणि दुसऱ्या वेळी तेवढेच १४ दिवस साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा सुमारे तीन किलोच घटलं. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती आणि कमी झोपेत फक्त ०.६ किलो. बाकीचा घाटा स्नायू वगैरे चरबीविरहित भागातून भरला गेला. वजनकाट्यावर दोन्ही पंधरवडे सारखेच दिसले असते. तुमच्या काट्यानंही तुम्हाला तीन महिने असंच फसवलं.

आता पोटच का, हे सांगतो. पोटावर दोन थर असतात. एक कातडीखालचा, जो चिमटीत येतो. दुसरा आतला, आतड्यांभोवतीचा. आतड्यांवर पुढून ॲप्रनसारखा एक पडदा लोंबत असतो, त्यात आणि आतड्यांना धरून ठेवणाऱ्या घड्यांमध्ये ही चरबी साठते. ती चिमटीत येत नाही. पोट पुढे आलेलं पण हाताला घट्ट लागतं, अशा माणसात हिचा वाटा मोठा असतो. या चरबीतलं रक्त आधी थेट यकृताकडे जातं. त्यामुळे तिच्यातून सुटलेली मेदाम्लं यकृताच्या दारात येऊन पडतात. यकृतात चरबी साचणं, इन्सुलिनला शरीरानं दाद न देणं, रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढणं या गोष्टी आतल्या चरबीशी जास्त जोडलेल्या आहेत त्या यामुळे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटानं लठ्ठ बायकांच्या पोटावरची कातडीखालची सुमारे दहा किलो चरबी लायपोसक्शननं, म्हणजे नळीनं ओढून, काढली आणि दहा-बारा आठवड्यांनी तपासलं. साखर, इन्सुलिन, रक्तदाब, चरबीचे आकडे, कशातच सुधारणा नव्हती. बाहेरचा थर गेला तरी घोटाळा आतल्या थरात होता.

कातडीखालची जागा हे शरीराचं खरं कोठार. ते भरलं की जादा माल आत आणि यकृतात जातो. कोणाचं कोठार मोठं असतं, कोणाचं लहान. तुमचं बहुधा लहान असावं. पुरुषांमध्ये चरबी पोटाकडे लवकर वळते, तर बायकांमध्ये पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे ती मांड्या-नितंबांकडे जास्त जाते. म्हणून तुमच्याएवढंच खाणारा मित्र सडपातळ दिसतो आणि तुमचं पोट सुटतं. यात आळशीपणाचा प्रश्न नाही. उलट एक दिलासा आहे. आतली ही चरबी भरते लवकर तशी उतरतेही लवकर. वजन पाच-सात टक्क्यांनी जरी नीट घटलं, तरी तिचा घटणारा वाटा बाहेरच्या थरापेक्षा मोठा असतो.

तुमचा बीएमआय २४ येतो आणि तो पाहून तुम्हाला कोणी 'सगळं ठीक आहे' असं सांगितलं असेल, तर त्यांना बीएमआयच्या पुढे पाहायला सांगा. वजन आणि उंचीच्या त्या भागाकाराला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. याज्ञिक आणि युडकिन या दोन डॉक्टरांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण एकाच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि दुसऱ्याच्या २१.२ टक्के. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, ही साधी कसोटी धरा. तुमच्यासाठी ती ८६ सेंमी. तुम्ही ९४ वर आहात, म्हणजे आठ सेंमी उतरायचे आहेत. वर्षभरात होण्यासारखं काम आहे हे.

आता तुमची नोंद. तुमचं जेवण मी दोनदा वाचलं. त्यात पोट सुटावं असं काही नाही. उलट ते इतकं कमी आहे की मीच अस्वस्थ झालो. मग दोन जेवणांच्या मधल्या ओळी पाहिल्या. तीन मोठे कप कॉफी, प्रत्येकात दोन चमचे साखर, ३० ग्रॅम झाली. दुपारी चारला अर्ध्या लिटरची शीतपेयाची बाटली, तिच्यात ५० ग्रॅमच्या वर. म्हणजे नुसती प्यायलेली साखर दिवसाला ८० ग्रॅम, सव्वातीनशे कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांची आहे, तुमच्या बेतात ती ५०-५५ ग्रॅम होते, आणि पाच टक्क्यांखाली राहिलं तर आणखी चांगलं असं तीच संघटना म्हणते. बाटलीबरोबर सात-आठ बिस्किटं, साधारण ३०० कॅलरी. सातपैकी पाच रात्री साडेअकराला चिप्सचं पाकीट. शनिवारी बिअरचे तीन मोठे कॅन, प्रत्येकी दोनशेच्या आसपास कॅलरी. सगळं सात दिवसांत वाटलं तर रोजच्या नऊशे कॅलरी जेवणाबाहेरच्या. तुमची जेवणं मिळून अकराशेच्या घरात. अर्धा दिवस तुम्ही उपाशी राहिलात आणि उरलेला अर्धा दिवस त्याची भरपाई केलीत. तुम्ही जेवण कमी केलंत, पण पोट जेवणानं सुटलेलंच नव्हतं.

या चुकीला मी हसणार नाही, कारण सुरुवातीच्या वर्षांत मीही हीच करत होतो. छापील तक्ता द्यायचो. नाश्ता, दुपार, रात्र असे तीन रकाने. माणूस ते रकाने इमानदारीनं पाळायचा आणि वजन हलायचं नाही, मग मी त्याच्यावर संशय घ्यायचो. रकान्यांच्या बाहेर काय चाललंय हे विचारायचं मला सुचायला काही वर्षं लागली. आता मी पहिल्या भेटीत जेवणाबद्दल विचारतच नाही. 'पिता काय?' असं विचारतो.

प्यायलेली साखर वेगळी का, ते सांगण्यासारखं आहे. पातळ पदार्थातल्या कॅलरींनी पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही, त्यामुळे पुढच्या जेवणात त्यांची वजावट होत नाही. शिवाय साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि फ्रुक्टोजवर मुख्यतः यकृत काम करतं, जास्त झालं की त्यातून तिथेच चरबी बनते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी जास्त वजनाच्या लोकांना दहा आठवडे एकचतुर्थांश ऊर्जा गोड पेयातून दिली. काहींना ग्लुकोजची, काहींना फ्रुक्टोजची. वजन दोन्ही गटांचं सारखंच वाढलं, पण पोटातली आतली चरबी फ्रुक्टोजच्या गटात लक्षणीय वाढली. तो डोस जबर होता आणि शुद्ध फ्रुक्टोज कोणी पीत नाही, हे लक्षात ठेवून वाचा. अख्ख्या फळाला हा नियम लावू नका. फळात तंतू असतात, चावायला वेळ लागतो, आणि एका बैठकीत चार संत्री कोणी खात नाही. रस काढला की मात्र चार संत्री दोन मिनिटांत जातात.

बिस्किटं आणि चिप्सबद्दल तुम्ही 'इच्छाशक्ती कमी पडते' असं लिहिलंय. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल या संशोधकानं २० जणांना महिनाभर संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं पाकीटबंद अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या अन्नात साखर, चरबी, तंतू, मीठ सारखंच, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकीटबंद अन्नावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत ०.९ किलो वाढली. ती काही दुबळ्या मनाची माणसं नव्हती. ते अन्न मऊ असतं, भराभर गिळलं जातं आणि पोटाचा 'पुरे' हा निरोप पोचायच्या आत पाकीट संपलेलं असतं. त्यामुळे इच्छाशक्तीवर काम करू नका. पाकीट घरात आणूच नका आणि चार वाजता खरोखर भूक लागते हे मान्य करा. दुपारी अर्ध्या ताटावर उठलेल्या माणसाला चारला भूक लागणार नाही तर काय होईल?

भात आणि ब्रेड बंद करून काय मिळालं, हे तुम्ही पाहिलंतच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं ६०९ लोकांवर वर्षभर कमी चरबी आणि कमी कर्बोदकं यांची तुलना केली. एक गट सरासरी ५.३ किलोनं उतरला, दुसरा ६ किलोनं. हा फरक जमेस धरण्यासारखा नव्हता. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करा, भाज्या वाढवा, असंच सांगितलेलं होतं. म्हणून धान्य पुन्हा ताटात आणा, शक्यतो कोंड्यासकट. तेलातुपाबद्दल एक तपशील मात्र मला महत्त्वाचा वाटतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वीडनमधल्या उप्साला इथे नेहमीच्या वजनाच्या ३९ तरुणांना सात आठवडे जादा मफिन खायला घातले, काहींना पामतेलाचे, काहींना सूर्यफुलाच्या तेलाचे. वजन दोघांचंही सारखंच, सरासरी १.६ किलो वाढलं. पण पामतेलवाल्यांच्या यकृतात आणि आतड्यांभोवती जास्त चरबी साठली, तर सूर्यफूलवाल्यांमध्ये स्नायूची वाढ जास्त दिसली. तुमच्या बिस्किटांच्या पुड्यावरचे घटक वाचून बघा, पामतेल बहुधा सापडेल.

मग करायचं काय? पहिली गोष्ट उलटी वाटेल, जेवण वाढवा. तुमच्या नोंदीत प्रथिनं जेमतेम ४०-४५ ग्रॅम भरतात. वजन उतरवताना स्नायू टिकवायचा असेल तर शरीराच्या एका किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतात, तुमच्यासाठी ८५ ते ११५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम कोरड्या डाळी-कडधान्यांत वीस-बावीस, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये सव्वीस-सत्तावीस. हे एका जेवणात कोंबू नका, तीन वेळा वाटा. सकाळी नुसती कॉफी पिऊन निघता ते थांबवा, काहीतरी प्रथिनांचं खाऊन निघा. दुपारी आणि रात्री ताटाचा निम्मा भाग भाज्यांचा, पाव भाग डाळ, कडधान्य, मासे, अंडी यांपैकी कशाचा, उरलेला पाव धान्याचा. चार वाजता मूठभर दाणे किंवा एक फळ आणि दही. ही चारची वेळ सांभाळली की साडेअकराची आपोआप सांभाळली जाते, असं मी शेकडो लोकांत पाहिलंय.

दुसरी गोष्ट, बाटली. ती कमी करू नका, बंदच करा. कॉफीतली साखर मात्र हळूहळू उतरवा, दर आठवड्याला अर्धा चमचा. जिभेला सवय व्हायला महिना लागतो, नंतर जुनी कॉफी तुम्हालाच गोड लागेल.

सातनंतर जेवायचं नाही हा नेम सोडा. घड्याळात सात वाजल्यावर अन्नाची चरबी होते असं काही नाही. लवकर जेवल्यानं अनेकांना बरं वाटतं, त्यांनी तसं करावं. पण दीड वाजेपर्यंत जागणाऱ्यानं सातला स्वयंपाकघर बंद केलं तर साडेअकराला पाकीट फुटणारच. साडेआठला नीट जेवा आणि झोपायची वेळ दर आठवड्याला वीस मिनिटं अलीकडे आणा, सात तास होईपर्यंत. झोपेला मी आहाराचाच भाग धरतो.

क्रंचेसच्या वेळात आठवड्यातून दोन-तीनदा मोठ्या स्नायूंचे व्यायाम करा, बैठका, जोर, वजन उचलणं. रोज अर्धा तास झपझप चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं. अशा चालण्यानं वजन फारसं न हलताही आतली चरबी घटते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. बिअरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, मुद्दाम गाळलंत असं वाटतं! दारूच्या एका ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात, आणि ती पोटात असेपर्यंत शरीर आधी तिलाच जाळतं, चरबी जाळणं मागे पडतं. तीनचा एक कॅन करा आणि त्यासोबतचं तळलेलं सोडा.

'पंचविशीनंतर चयापचय मंदावतो, म्हणून असं होतं का?' या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. २०२१ साली सायन्स या नियतकालिकात सहा हजारांहून जास्त लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापं एकत्र छापून आली. शरीराचा आकार आणि स्नायू हिशेबात धरले तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो. कॉलेज सुटल्यावर बदलतं ते बाकीचं, खेळ थांबतो, खुर्ची येते, हातात पैसा येतो, झोप जाते.

कंबर मोजायची पद्धतही पाहून घ्या. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध फीत आडवी धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका, दोनदा मोजा. सकाळी, काही खाण्याआधी. संध्याकाळी वाताने फुगलेलं पोट दोन-तीन सेंमी जास्त दाखवतं आणि उगाच जीव घाबरतो. रोज मोजू नका, पंधरा दिवसांनी पुरे.

एकदा रक्त तपासून घ्या. उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल यांच्यासह चरबीची तपासणी, यकृताची एएलटी ही तपासणी, शिवाय रक्तदाब. मानेची किंवा काखेची कातडी काळपट, मखमलीसारखी जाड झाली असेल तर ती शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा. पोटावर रुंद जांभळे पट्टे उठले, स्नायू एकदम दुबळे झाले, घोरणं आणि दिवसा पेंगणं वाढलं, किंवा स्टेरॉइड अथवा मानसोपचाराची औषधं सुरू झाल्यावर पोट सुटलं, तर आधी डॉक्टर, मग आहार. बायकांमध्ये पोटासोबत पाळी अनियमित झाली असेल तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांशी आणि संप्रेरकांशी निगडित विकाराची, तपासणी हवी. आणि एक सांगून ठेवतो. जेवणाच्या विचारानं भीती वाटायला लागली, खाल्ल्यावर अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी उपास करावासा वाटला, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून लगेच मदत घ्या. तुमच्या पत्रात 'शिक्षा म्हणून जेवलो नाही' असं एक वाक्य आहे, ते मी दोनदा वाचलं.

पहिल्या महिन्यात वजन किलोभर वाढलं तर घाबरून पुन्हा ताट निम्मं करू नका, धान्य परत आल्यावर स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, आणि पाणी असतं ते. सहा आठवड्यांनी पुन्हा सात दिवसांची नोंद पाठवा, चिप्स-बिअरसकट, खरी. वजन लिहिलं नाहीत तरी चालेल, कंबर मात्र त्याच जागेवर, सकाळी मोजलेली हवी.